आंब्याच्या पेटीत 'तुंबाड' करतेय, विहीर, लाल गर्भ आणि पाऊस तिन्ही ठिकाणी अडलेय

ओलीभिंत

नमस्कार मंडळी, इथे वाचत असते बरेच दिवस पण प्रश्न पहिल्यांदाच टाकतेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे हापूसची जुनी लाकडी पेटी होती, फळ्या ठोकलेली, मधे मधे फटी असलेली. हल्ली पुठ्ठ्याचे बॉक्सच जास्त येतात म्हणून बाबांनी ती जपून ठेवलेली. साधारण दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल आहे. ती उभी करून तिच्यात 'तुंबाड' सिनेमाचा आर्ट बॉक्स, म्हणजे पेटीत मावणारं छोटं दृश्य, करायचं असं डोक्यात घेतलंय. मधे एक आडवी फळी टाकलीये, वरच्या कप्प्यात पावसातला वाडा आणि खालच्या कप्प्यात देवीचा गर्भ, सिनेमाचा नायक विनायक सोन्याच्या मोहरांसाठी दोर सोडून जिथे उतरतो ती जागा.

२०१८ ला सिनेमा आला तेव्हा मी हॉस्टेलवर होते, नंतर लॅपटॉपवर पाहिला आणि आवडला एवढंच. पण सप्टेंबर २०२४ मध्ये परत थेटरात लागला तेव्हा बाबांना घेऊन गेले. बाबांना भुताखेताचे सिनेमे अजिबात आवडत नाहीत, तरी आले. बाहेर पडल्यावर गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि मग म्हणाले, आमच्या आजोळी पाऊस असाच वाजायचा. ते आजोळचं घर आता राहिलं नाही, मी तर पाहिलंच नाही कधी. तेव्हापासून हे करायचं मनात आहे, गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हा बाबांना द्यायचंय.

आता अडचणी सांगते.

विहीर. खालच्या कप्प्याची खोली फूटभरच, त्यात विहीर केली की ती बादलीसारखी दिसते. तो तळ न लागण्याचा फील कसा आणायचा?

गर्भाच्या भिंती. फ्रीजच्या पॅकिंगमधला थर्माकोल होता तो कोरून लाल स्प्रे मारला, तर स्प्रेने थर्माकोलच विरघळला, भोकं पडली. मग पीओपी करून लाल अॅक्रिलिक दिला तर प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसतंय, वर लाल दिवा लावला की सगळं सपाट होतं, भिंतीच्या घड्या दिसतच नाहीत.

पाऊस. काहीच सुचत नाहीये.

सिनेमात गर्भात उतरताना आमिष म्हणून नेतात ती कणकेची बाहुली खऱ्या कणकेची केली होती, चौथ्या दिवशी मुंग्या आणि आठव्या दिवशी बुरशी.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हस्तर, म्हणजे त्या गर्भात राहणारा शापित जीव, दाखवायचा की नाही? क्लेमध्ये तीनदा करून मोडला. दाखवला की भीती जाते आणि नाही दाखवला तर नुसती लाल गुहा राहते.

---

सुतारपक्षी

मस्त विषय घेतलात ताई. विहिरीचं उत्तर माझ्याकडे नक्की आहे कारण मी स्वतः केलंय, विहीर नाही पण भुयार केलं होतं भाच्याच्या प्रोजेक्टला.

समोरासमोर दोन आरसे लावायचे. मागच्या बाजूला साधा आरसा, त्याच्या पुढे दीड इंचावर साधी काच, आणि त्या काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे आरशाकडे तोंड करून, गाडीच्या काचेला लावतात ती आरशासारखी चमकणारी सनफिल्म. साबणाचं पाणी मारून लावा म्हणजे बुडबुडे राहत नाहीत, जुन्या एटीएम कार्डाने पाणी ओढून काढा. दोघांच्या मधे गोलाकार एलईडी पट्टी. उजेड दोन आरशांमध्ये मागेपुढे उड्या मारतो आणि दर फेरीला थोडासा बाहेर येतो, म्हणून बघणाऱ्याला एकामागे एक कडी दिसत जातात, आत आत अंधुक होत जाणारी. अंतर दीड इंच असेल तर दर फेरीचं प्रतिबिंब तीन इंच आत सरकल्यासारखं दिसतं, म्हणजे दहा कडी दिसली की अडीच फूट विहीर झाली आणि पेटीतली जागा गेली फक्त दोन इंच.

मुख्य गंमत पुढे आहे. पट्टी उघडी ठेवली तर हॉटेलच्या डेकोरेशनसारखं दिसेल. म्हणून दोन्ही आरशांच्या मधल्या गोल भिंतीवर माउंटबोर्डचे छोटे छोटे दगड कापून चिकटवा, सांधे काळे करा, आणि पट्टी पुढच्या काठामागे अशी लपवा की उजेड दगडांवर पडेल पण पट्टी स्वतः दिसणार नाही. मग दगडांची रांगच परत परत दिसते आणि खरी बांधीव विहीर वाटते. तुम्हाला दोरही हवाय ना, तर मागच्या आरशापासून पुढच्या काचेपर्यंत एक सुतळीचा धागा सरळ ताणून बसवा, काचेला अगदी काटकोनात. प्रतिबिंबात तो न तुटता आतपर्यंत गेलेला दिसतो. जरा तिरका झाला की नागमोडी दिसतो, तेवढं बघा.

कप्प्यात बाहेरून उजेड आला तर काच नुसता आरसा होते आणि बघणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसतं, म्हणून खालचा कप्पा पूर्ण बंद आणि आतून काळा हवा. आणि कृपा करून झिरोचा बल्ब लावू नका. नावाला झिरो असला तरी जुना बल्ब १२ ते १५ वॅट खातो आणि बंद लाकडी पेटीत कागद कापूस असताना चांगलाच तापतो. ५ व्होल्टची यूएसबीवाली पट्टी घ्या, मोबाईलच्या चार्जरवर चालते. पॉवरबँकेवर लावू नका, बऱ्याच पॉवरबँका एवढा कमी करंट बघून आपोआप बंद होतात. सुटे लाल एलईडी लावणार असाल तर प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर लावाच, नाहीतर लगेच उडतील.

---

काजवा

लाल भिंतींबद्दल मी सांगते. माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, डार्करूममध्ये लाल दिवा असायचा. लहानपणी मी तिथे बसून पांढऱ्या कागदावर लाल पेन्सिलने चित्रं काढायचे आणि ती त्या दिव्यात दिसायचीच नाहीत, बाहेर आणल्यावर दिसायची. तुमच्या भिंतींचं नेमकं तेच होतंय. लाल उजेडात लाल रंग आणि पांढरा रंग जवळजवळ सारखेच उजळ दिसतात म्हणून घड्या गायब होतात. लाल उजेडात काळं कोण दिसतं, तर हिरवा आणि निळा. तेव्हा घड्यांच्या खोबणीत गडद हिरवा किंवा निळसर करडा भरा, उंचवट्यावर फिकट बदामी, आणि लाल रंग जवळपास वापरूच नका, लाली उजेडातून येऊ द्या. साध्या उजेडात भिंत विचित्र दिसेल, घाबरू नका, दिवा लावून बघत बघत रंगवा.

पीओपी पण बदला असं मला वाटतं, तो कोरडा आणि खडबडीत दिसतो, गर्भाची भिंत ओली आणि जिवंत हवी ना. जाळीचा सांगाडा करा, त्यावर टिश्यू पेपरचे तुकडे पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून टाकत जा, ओला असतानाच बोटांनी चुण्या पाडा. दोनच थर ठेवलेत तर वाळल्यावर तो चामड्यासारखा होतो आणि मागून उजेड आरपार येतो. मग एलईडी भिंतीच्या मागे लपवा, मधे लाल जिलेटीन पेपर. पुढून मारलेला उजेड नाटकातल्यासारखा दिसतो, मागून आलेला उजेड शरीरातून आल्यासारखा दिसतो. टॉर्चवर तळहात ठेवल्यावर बोटं लाल दिसतात ना, अगदी तसं. शेवटी ग्लॉस व्हार्निश फक्त खोबणीत, सगळीकडे नको.

बाहुलीसाठी कणीक नको आणि मीठ घातलेलं पीठही नको, पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि बाहुली घाम फुटल्यासारखी ओली होते. कोल्ड पोर्सिलेन करा. एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी फेविकॉल, चमचाभर व्हिनेगर आणि चमचाभर बेबी ऑइल, मंद गॅसवर गोळा होईपर्यंत हलवायचं, उकड काढतो तसंच, आणि गरम असतानाच मळायचं. त्यासाठी जुनं भांडं घ्या आणि ते परत स्वयंपाकाला वापरू नका. वाळताना थोडं आक्रसतं म्हणून हवी त्यापेक्षा किंचित मोठी करा. रंगात चिमूटभर गव्हाळ मिसळला की कणीकच वाटते, वरून खरा कोंडा भुरभुरवा आणि वार्निशने बसवून टाका.

---

जगबुडीकाठी

मी रत्नागिरीकडच्या खेडचा. तुंबाड हे गाव खरंच आहे, खेड तालुक्यात, आणि श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे बहुतेकांना माहीत आहे. सिनेमाने नाव तिथून घेतलं, गोष्ट मात्र नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेली, कादंबरी भुताखेतांची नाही, तिथे खोतांच्या पिढ्या आहेत. हे सांगायचं कारण तुमच्या वाड्याच्या दगडाशी आहे. सिनेमातल्या वाड्याचं शूटिंग सासवडच्या पुरंदरे वाड्यात झालंय, म्हणजे तो देशावरचा वाडा, काळा दगड, विटा, भलंमोठं दार. आमच्याकडचं घर वेगळं. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पडवी, माजघर, ओटी, आणि पावसाळ्यात जांभा पाणी पिऊन गडद तांबडा होतो, त्यावर हिरवं काळं शेवाळ.

तर आधी ठरवा की तुम्हाला सिनेमातला वाडा करायचाय की बाबांच्या आजोळचं घर. दोन्हीची सरमिसळ केलीत तर सिनेमा पाहणाऱ्यालाही खटकेल आणि बाबांनाही. माझं मत विचाराल तर वरचा कप्पा बाबांचा करा. जांभ्यासाठी वेगळं काही आणायला नको, कागद चिकटवलेला सनबोर्ड, म्हणजे फोमबोर्ड, घ्या, वरचा कागद ओला करून सोला, आतल्या फोमवर दाताच्या जुन्या ब्रशने टोचत जा, जांभ्यासारखी भोकं पडतात. स्प्रे नको, तो पण फोमच आहे, पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिक ब्रशने द्या.

आणि पाऊस. पाऊस आभाळातून पडताना दाखवायला जाऊच नका, सगळे तिथेच फसतात. घरात बसलेल्या माणसाला पाऊस दिसतो तो पागोळ्यांचा. कौलाच्या प्रत्येक पन्हळीतून एक एक धार, खाली जमिनीवर ओळीने पडलेले खड्डे, त्यात साचलेलं पाणी. ज्या घरात माणूस राहिलाय त्याला त्या खड्ड्यांच्या ओळीवरून पण घर ओळखता येतं. कौलाच्या कडेपासून खाली तंगूस ताणा, मासे पकडायचा, सगळ्यात बारीक, आणि त्यावर मधे मधे ग्लू गनचा पारदर्शक थेंब किंवा ग्लॉस वार्निशचे टिपके द्या. खाली जिथे तंगूस टेकतो तिथे बरोबर खड्डा. वरच्या कप्प्यात उजेड निळसर करडा आणि एकाच बाजूने, संध्याकाळचे सहा वाजल्यासारखा. अंगणातल्या पाण्यासाठी रेझिनच्या नादाला आत्ता लागू नका, या दमट हवेत ते चिकट राहायची भीती असते, ग्लॉस वार्निशचे चार पाच पातळ थर दिलेत तरी काम होतं.

---

निशाचर

इतकी छान माहिती दिलीत सगळ्यांनी. पण ताईंचा शेवटचा प्रश्न तसाच राहिलाय आणि माझ्या मते सगळी पेटी त्यावरच उभी आहे.

हस्तर लपवला की भीती वाढते हे इतर भुतांच्या सिनेमांना लागू पडत असेल, इथे मला ते पटत नाही. या सिनेमात हस्तर लपवलेलाच नाही. तो दिसतो, चांगला समोर दिसतो, आणि दिसल्यावर काय दिसतं तर कातडी सोललेला, वर्षानुवर्षं भुकेला, पिठासाठी धावणारा जीव. सोनं आहे त्याच्याजवळ पण त्याला हवंय फक्त पीठ. आणि त्याच्या भुकेचा वापर करून घेतो तो विनायक. पीठ समोर टाकायचं आणि तो खाण्यात गुंतला की मोहरा लाटायच्या. मला सिनेमाभर भीती वाटली ती दोरावरून उतरणाऱ्या माणसाची. १९१८ चा लहान मुलगा, मग पंधरा वर्षांनी परत आलेला तरुण, मग १९४७ मध्ये पोरालाही तेच शिकवणारा बाप, तो दर खेपेला जास्त भीतीदायक होत जातो.

म्हणून माझं म्हणणं, पेटीत हस्तर ठेवू नका, बघणाऱ्यालाच हस्तरच्या जागी बसवा. तुमच्या पेटीला फटी आहेतच. खालचा कप्पा पुढून बंद करा, एकच फट ठेवा, आणि बघणारा वाकून त्या फटीला डोळा लावेल तेव्हा तो गर्भाच्या आतून, त्या कोपऱ्यातून बघतोय असं होऊ दे. समोर सुतारपक्षींची विहीर. आणि त्या गोल उजेडात काळी आकृती, एका हातात दोर, कमरेला पिशवी, दुसऱ्या हातात बाहुली. चेहरा नकोच, मागून उजेड असल्यामुळे तसाही दिसणार नाही. फटीच्या अगदी जवळ, बघणाऱ्याच्या नाकाखाली, दोन चार मोहरा. मोहरा आपल्या बाजूला, पीठ त्याच्या हातात.

---

सुतारपक्षी

निशाचर, हे वाचून मी माझी विहीर परत डोक्यात फिरवून पाहिली आणि हे तर अजून सोपं पडतं. विहीर खालच्या फळीत नको, पेटीच्या मागच्या भिंतीवर उभी लावा. म्हणजे फटीतून सरळ समोर बघायचं आणि विहीर समोरून आत जाताना दिसेल, बघणाऱ्याला वाटेल आपण तळाशी पडून वर बघतोय. फक्त दोर आता आडवा होणार, सुतळी लोंबेल, म्हणून सायकलच्या स्पोकला सुतळी घट्ट गुंडाळा आणि फेविकॉल लावून वाळवा. माणूस काचेच्या पुढे दोन इंचावर, त्याच रेषेत लावलेल्या स्पोकच्या दुसऱ्या तुकड्यावर अडकवा, म्हणजे त्याचं प्रतिबिंब कड्यांमध्ये घुसणार नाही. उंची पावणेदोन इंचापेक्षा जास्त नको, जवळ मोठं आणि लांब लहान ठेवलं की डोळा फसतो.

फट डोळ्यांच्या उंचीवर नको, वाकावंच लागेल अशी ठेवा.

---

काजवा

मोहरांसाठी सोनेरी टिकल्या वापरा, भरतकामाच्या मोठ्या, बोथट रिफिलने मधे दाबून जरा वाकवा आणि पातळ तपकिरी रंग लावून लगेच पुसून घ्या. फटीजवळच्या मोहरांवर एक छोटा पिवळट एलईडी हवाच, लाल उजेडात सोनं आणि पांढरा पुठ्ठा एकच दिसेल.

अजून एक, माप ठरवूनच घ्या. गुन्ह्याच्या तपासाचं शिक्षण द्यायला १९४० च्या दशकात अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या बाईंनी खोल्यांच्या छोट्या प्रतिकृती केल्या होत्या, एका फुटाला एक इंच असं माप धरून, आणि त्यातल्या वस्तू बारीकसारीक विचार करून ठेवलेल्या होत्या. त्याच बारकाव्यांमुळे ते नुसते फोटो बघताना पण अंगावर येतं. तुमच्या वरच्या कप्प्यालाही तेच माप चालेल, त्या हिशोबाने दार सहा इंचाच्या आसपास बसतं. ओटीवर काय ठेवायचं ते मात्र बाबांना गप्पांमधून विचारून घ्या, कशासाठी ते सांगू नका.

---

ओलीभिंत

एवढ्या सगळ्यांनी एवढं लिहिलं, खरंच खूप खूप आभार. महिना झाला, आता सांगते काय काय झालं.

विहीर झाली. पहिल्यांदा फिल्म काचेच्या बाहेरच्या बाजूने लावली होती, चित्र दुहेरी दिसत होतं, उलटी करून लावल्यावर एकदम आत गेली. रात्री दिवे बंद करून पहिल्यांदा फटीला डोळा लावला तेव्हा मी स्वतः मागे सरकले, मला माहीत असून की तिथे दोन इंच जागा आहे. टिश्यूच्या भिंती हिरव्या रंगवताना आई म्हणाली हे काय करतेयस, दिवा लावून दाखवला तेव्हा तिने हात लावून बघितलं ओलं आहे का.

निशाचर, तुमचं म्हणणं आठ दिवस डोक्यातून जाईना. हस्तरचा चौथा पुतळा करायला घेतलेला तो तसाच ठेवून दिला. माणूस तारेचा केला, त्यावर काळा क्रेप. बाहुली अर्ध्या इंचाची, पण कोल्ड पोर्सिलेनमध्ये बोटं सुद्धा आली.

वरचा कप्पा बाबांचाच केला, जांभ्याचा. ओटीवर काय असायचं ते बाबांना हळूहळू विचारत गेले. झोपाळा, पायरीशी तांब्याचं घंगाळ, खुंटीवर इरलं, पावसात डोक्यावरून घ्यायचं ते. इरलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यांनी हाताने हवेत आकार काढून दाखवला, मी खोलीत येऊन लगेच कागदावर काढून घेतला.

पण गणपतीपर्यंत लपवणं काही जमलं नाही. परवा दुपारी मी बाहेर गेलेले, परत आले तर बाबा टेबलासमोर खुर्चीत बसलेले. खालच्या फटीत डोकावले असतील नसतील माहीत नाही, ते वरचाच कप्पा बघत होते. बराच वेळ तसेच बसून मग म्हणाले, सगळ्या पागोळ्या सारख्या नव्हत्या गं, उजवीकडचं तिसरं कौल फुटकं होतं, तिथून जाड धार पडायची, आम्ही तिच्याखाली पाय धुवायचो.

तर शेवटचा प्रश्न. आता तिसरी पागोळी जाड करायचीये, पण बाकीच्या तंगूसला धक्का लागता कामा नये, सगळे चिकटवून झालेत. ग्लू गनने वरून सोडली तर आजूबाजूचे वितळतील का?

---

जगबुडीकाठी

तिथे ग्लू गन नेऊच नका, नायलॉन बारीक आहे, गरम नोझल टेकलं तर तुटायची भीती. बाहेर बेकिंग पेपरवर ग्लूची लांब धार सोडा, वरून जाड खाली निमुळती, पूर्ण गार झाली की सोलून घ्या. मग चिमट्याने आत सरकवून वरच्या टोकाला फेविकॉलचा थेंब. कौलाचा एक कोपरा मोडा, अगदी थोडासा. आणि त्या धारेखालचा खड्डा बाकीच्यांपेक्षा मोठा करा, तिथे एक सपाट दगड ठेवा. पाय धुवायला दगड असायचाच.

---

ओलीभिंत

बाबांना आत्ताच विचारलं. दगड होता म्हणाले.